उठा, दोन मिनिटं बोला!

बायका फार बोलतात, असं म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. पण सोसायटीची वार्षिक सभा असो, शाळेतली पालकसभा असो नाहीतर ग्रामसभा, बोलायची वेळ आली की याच 'बडबड्या' बायका पदराचं टोक बोटाला गुंडाळत मागच्या रांगेत गप्प बसतात. मग रात्री ओट्याशी उभं राहून भांडी आवरताना सगळे मुद्दे एकेक करून आठवतात. असं का होतं? अक्कल कमी म्हणून नक्कीच नाही. सवय नाही म्हणून.

ही सवय लावणारी एक जागा मला इथे नवी मुंबईत सापडली. तिचं नाव टोस्टमास्टर्स. खाण्याच्या टोस्टशी तिचा काही संबंध नाही बरं का! राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी हा भाषणाचा क्लब सुरू केला आणि आज तो जगभर पसरला आहे.

इथे कुणी गुरुजी नसतात. सभासदच एकमेकांना शिकवतात. सभेची वेळ ठरलेली आणि प्रत्येकाला काम वाटून दिलेलं. तयारी करून आलेले वक्ते साधारण पाच ते सात मिनिटं बोलतात. एक जण घड्याळ सांभाळतो. पाच मिनिटांना हिरवी खूण, सहाला पिवळी, सातला लाल. लाल दिसली की आवरतं घ्यायचं! आणखी एक जण मोजत असतो, बोलणाऱ्याने किती वेळा 'अं...', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' म्हटलं ते. शेवटी हा हिशेब वाचून दाखवला की हशा पिकतो, पण पुढच्या वेळी जीभ आपोआप सावध होते.

मला सगळ्यांत आवडतो तो आयत्या वेळच्या विषयांचा भाग. विषय हातात पडतो आणि लगेच उभं राहून एक-दोन मिनिटं बोलायचं. पहिल्यांदा माझ्या वाट्याला 'पाऊस' आला होता. चाळीस सेकंदांत माझा पाऊस थांबला! तरी टाळ्या पडल्या. कारण इथे आधी काय चांगलं झालं ते सांगतात, मग काय सुधारता येईल ते, आणि शेवटी पाठीवर थाप. आपल्या घरांत सुनेच्या भाजीला ही पद्धत लावली तर किती बरं होईल, नाही का?

गंमत म्हणजे या संस्थेतही बायकांना सुरुवातीला दार बंद होतं. हेलन ब्लँचर्ड नावाच्या बाईंना १९७० मध्ये चक्क 'होमर' असं पुरुषी नाव लावून सभासद व्हावं लागलं. १९७३ पासून बायकांना रीतसर प्रवेश मिळाला आणि १९८५ मध्ये याच हेलनबाई संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या.

पण उदाहरणासाठी इतकं लांब कशाला जायचं? रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी शिकवलं, घरातल्या बायकांचे टोमणे त्यांनी सोसले. पुढे १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपदी याच रमाबाई होत्या.

क्लबची पद्धत क्लबपुरतीच का ठेवायची, असं आम्हा दोघी-तिघींच्या मनात आलं. शाळकरी मुलांसाठी संस्थेचा आठ बैठकांचा एक वर्ग असतोच. आम्ही तोच धागा धरून तुर्भ्याकडच्या एका बचत गटात शनिवारी दुपारी जायला लागलो. भाषा अर्थात मराठी. कुणी कोकणातली, कुणी मराठवाड्यातली, ज्या त्या बाईने आपापल्या बोलीत बोलायचं.

त्यातल्या एक ताई पापड-मसाल्याचं काम करतात. कर्जाच्या अर्जासाठी त्या चार वेळा बँकेत गेल्या होत्या आणि चारही वेळा 'नंतर या' ऐकून परतल्या होत्या. आम्ही त्यांना तीनच गोष्टी सांगायला लावल्या. आमचा गट कोणता, आजवर बचत किती आणि फेड कशी केली, आणि आज आम्हाला काय हवंय. दोन मिनिटांत. समोर खुर्चीवर दुसरी ताई 'साहेब' होऊन बसायची आणि मुद्दाम मध्ये मध्ये तोडायची! तीन शनिवार हा सराव चालला.

पाचव्या वेळी ताई बँकेतून अर्जाची पोच घेऊनच उठल्या. त्यावर तारीख आणि शिक्का होता. कर्ज मंजूर व्हायचं अजून बाकी आहे. पण ताई म्हणाल्या, "पाय लटपटत होते हो मॅडम, पण जीभ नाही लटपटली."

मैत्रिणींनो, तुमच्या गावात असा क्लब नसेलही. त्याने काही अडत नाही. भिशीला जमता ना? त्यातलीच वीस मिनिटं काढा. एकीच्या हातात घड्याळ, एकीकडे कागद-पेन्सिल. चिठ्ठ्यांवर विषय लिहा: नळाचं पाणी, मुलीचं कॉलेज, बंद पडलेली एसटी. चिठ्ठी उचला आणि दोन मिनिटं उभं राहून बोला. ऐकणाऱ्यांनी आधी कौतुक करायचं, मग एकच सूचना. त्यातही हसायचं नाही, हा नियम पक्का.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूदही आहे. खुर्ची कायद्याने दिली, पण तिच्यावर बसून नवऱ्याकडे न बघता बोलायचं, ते आपलं आपल्यालाच शिकायला हवं. त्याची तालीम आपल्या माणसांत झालेली बरी. या महिन्याच्या भिशीपासूनच सुरुवात करा. पहिली चिठ्ठी कोण उचलतंय?