छोट्या ऑफिसची फायरवॉल घेताना

वास्कोत मुरगाव बंदराच्या जिवावर चालणारी लहान ऑफिसं बरीच आहेत. शिपिंग एजंट, क्लिअरिंगवाले, वाहतूकदार. माझ्या मामांचं ऑफिस त्यातलंच: बारा कॉम्प्युटर, टॅलीचा एक सर्व्हर, सहा कॅमेरे आणि आल्यागेल्याला मिळणारा वायफायचा पासवर्ड. फायरवॉल निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअर लिहितो, नेटवर्क हा माझा प्रांत नव्हे. पण मामांच्या लेखी बीई म्हणजे बीई.

विक्रेते आधी वेग सांगतात. डेटाशीटवरचा सगळ्यात मोठा आकडा नुसती ये-जा मोजतो. आत काय भरलंय ते उघडून बघायला लागलं की वेग कोसळतो. फोर्टिगेट ४०एफ या छोट्या बॉक्सचे आकडे बघा: साधा वेग ५ जीबीपीएस, सगळी तपासणी चालू केल्यावर ६०० एमबीपीएस. आपल्या इंटरनेट लाइनशी ताडायचा तो हा दुसरा आकडा. तपासणीचं लायसन्स वेगळं असतं आणि ते संपतं, म्हणून कोटेशन तीन वर्षांचं मागितलं.

मामांचा समज होता की फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्यांना मी जेएनपीटीचं उदाहरण दिलं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या जगभर पसरला आणि मर्स्क समूहाचं न्हावाशेव्याचं टर्मिनल विस्कळीत झालं. हा व्हायरस मुळात शिरला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे ओळखीचा पाहुणा बनून. आत आल्यावर मात्र एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला. तिथे दारावरचा पहारेकरी काय करणार? आतल्या खोल्यांनाही दारं हवीत. म्हणून आम्ही टॅली, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकायचं ठरवलं. त्यासाठी स्विचही मॅनेज्ड लागतो. सगळं एकाच साध्या स्विचला जोडलं तर फायरवॉल कितीही भारी घ्या, ती मधे पडूच शकत नाही.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. ४०एफमध्ये डिस्क नाही. डिस्क नसेल तर लॉग दुसरीकडे पाठवायची सोय आधीच करावी.

अपडेट कोण करणार, हेही नावानिशी ठरवा. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्टिगेटच्या सुमारे ८७,००० उपकरणांचे व्हीपीएन पासवर्ड उघड झाले. त्यामागची फट कंपनीने २०१९ मध्येच बुजवली होती. कुठे अपडेट वेळेत झालं नव्हतं, कुठे त्यानंतर पासवर्ड बदलले नव्हते. आमच्याकडे हे काम अकाउंट्सच्या मुलीने घेतलंय, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी.

उरला विक्रेता. बॉक्स बंद पडला तर बदली वास्कोत किती दिवसांत, असं दोघांना विचारलं. एक म्हणाला, "बघू." दुसऱ्याने दोन दिवस असं लिहून दिलं. त्याचा भाव चार हजारांनी जास्त होता, ऑर्डर त्यालाच दिली.