विदर्भाचं क्रिकेटमधलं मत कसं गेलं, कसं परत आलं? आणि रग्बीत आशियाच्या संघटनेला दोनच मतं का?

१ जानेवारी २०१८. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर वसीम जाफरने चौकार मारला आणि विदर्भाने दिल्लीला ९ विकेटनी हरवलं. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा विदर्भ पहिल्यांदाच विजेता झाला. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, फैज फझलची कॅप्टनशिप, चंद्रकांत पंडित यांचं कोचिंग, सगळीकडे त्याचीच चर्चा होती.

पण या गोष्टीला एक दुसरी बाजू होती, तिची फारशी चर्चा झाली नाही. जो संघ देशात पहिला आला, त्याच्या संघटनेचं बीसीसीआयमधलं मत त्या वेळी टांगणीला लागलेलं होतं. नव्या नियमांनुसार विदर्भाला दरवर्षी मत नव्हतं. तीन वर्षांतून एकदा पाळी येणार होती.

हे का झालं, ते चूक होतं की बरोबर, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना याच्याशी काय घेणं-देणं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

२०१३ मध्ये आयपीएलचं स्पॉट फिक्सिंग प्रकरण गाजलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने जानेवारी २०१५ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने ४ जानेवारी २०१६ ला अहवाल दिला आणि त्यातल्या बहुतेक शिफारशी कोर्टाने १८ जुलै २०१६ ला मान्य केल्या. त्यातली एक शिफारस होती, 'एक राज्य, एक मत'.

ऐकायला एकदम रास्त. आणि खरंच, त्यामागे ठोस कारण होतं. तेव्हा बीसीसीआयमध्ये साधारण तीस मतं होती. त्यातली सहा फक्त दोन राज्यांकडे होती. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरातमध्ये गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. मुंबईतल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियालाही मत होतं, म्हणजे एका क्लबला! दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत दहा कोटींच्या वर लोकसंख्या असलेल्या बिहारला मत नव्हतं. मणिपूर, मेघालय, नागालँड, मिझोराम, अरुणाचल, सिक्कीम यांनाही नव्हतं. यातली बरीच राज्यं रणजीसुद्धा खेळत नव्हती. तिथल्या एखाद्या पोराला मोठं क्रिकेट खेळायचं तर दुसऱ्या राज्याचं दार ठोठवावं लागायचं.

त्यामुळे लोढा समितीने फूटपट्टी घेतली ती राज्याच्या नकाशाची. एक राज्य असेल तर एक मत. महाराष्ट्रातल्या तिघांनी ते एक मत आळीपाळीने वापरायचं. मार्च २०१७ मध्ये प्रशासकीय समितीने बीसीसीआयची नवी घटना आणली आणि मुंबई, विदर्भ यांचं कायमचं मत गेलं. तेव्हा ४१ वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईचं मत गेलं म्हणून बातम्या झाल्या. विदर्भाचं नाव त्या बातम्यांत तिसऱ्या-चौथ्या ओळीत असायचं.

नकाशा एक, पण महाराष्ट्र एक आहे का?

खरी अडचण इथे आहे. राज्य हे मोजमाप धरलं की राज्याच्या आतलं अंतर दिसेनासं होतं.

विदर्भ क्रिकेट असोसिएशन म्हणजे नागपूर ते बुलढाणा असे ११ जिल्हे. त्यात चंद्रपूर आणि गडचिरोलीही आले. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं मुख्य ठाणं पुण्याकडे, स्टेडियम गहुंज्याला. आता गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला असलेलं सिरोंचा घ्या. तिथून नागपूर रस्त्याने तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त. सरळ रेषेत मोजलं तर सिरोंच्याला नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. मग पुणे-मुंबईचा विषयच नको.

आणि हे फक्त किलोमीटरचं प्रकरण नाही. विदर्भ आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा भाग होता, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला होता. विदर्भाला निधीत, नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल आणि विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होईल, असं त्यात ठरलं. म्हणजे राज्य एक झालं तरी आतल्या भागाचा वेगळा हिशेब ठेवावा लागेल, हे राज्य घडवणाऱ्यांनीच मान्य केलं होतं. क्रिकेटच्या कागदावर मात्र तो हिशेब पुसला गेला.

अखेर ९ ऑगस्ट २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आपलाच निर्णय बदलला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. खानविलकर आणि न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ आणि गुजरातमधल्या तिन्ही संघटनांना पूर्ण सदस्यत्व परत दिलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की फक्त राज्याची सीमा बघून चालणार नाही, त्या संघटनांचा इतिहास आणि खेळातलं योगदानही बघावं लागेल. क्लबचं मत मात्र परत आलं नाही.

गंमत म्हणजे, यात ईशान्येचं काही बिघडलं नाही. बिहार आणि ईशान्येच्या राज्यांसह नऊ नवे संघ २०१८-१९ ला रणजीत उतरले आणि एकूण संघ झाले ३७. त्याच मोसमात विदर्भाने सौराष्ट्राला हरवून सलग दुसऱ्यांदा करंडक नेला. दुर्लक्षितांना आत घ्यायचं म्हणून आधीच्यांना बाहेर काढलंच पाहिजे, असं काही नव्हतं.

रग्बीत तर देशाला मत मिळेलच असंही नाही

हाच प्रश्न जगाच्या पातळीवर बघायचा तर रग्बीसारखं उदाहरण नाही. भारतात रग्बी कमी लोक बघतात, पण तिचा कारभार बघण्यासारखा आहे.

या खेळाचं आंतरराष्ट्रीय मंडळ १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सने सुरू केलं. इंग्लंड आलं १८९० मध्ये, पण अट घालून. मंडळातल्या १२ जागांपैकी इंग्लंडला सहा, बाकी तिघांना दोन-दोन. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेला आत यायला १९४८ उजाडलं. फ्रान्सला तर १९७८.

इंग्लंड-स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी खेळतात, त्याचं नाव कलकत्ता कप. १८७० च्या दशकात कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा त्याचे बँकेतले चांदीचे रुपये वितळवून हा कप बनवला. कपाची चांदी भारताची. भारताला मत मात्र आजही थेट नाही.

आता आकडे बघा. २ मे २०२० ला वर्ल्ड रग्बीच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एकूण मतं ५१. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना या दहा देशांना प्रत्येकी तीन. झाली ३०. जपानला दोन. फिजी, सामोआ, जॉर्जिया अशा सात देशांना एक-एक. आणि सहा प्रादेशिक संघटनांना प्रत्येकी दोन.

भारत येतो तो या शेवटच्या रांगेत. आशियातल्या तीसहून अधिक देशांच्या संघटना एका छत्राखाली, आणि त्या छत्राला दोन मतं. एकट्या इंग्लंडपेक्षा एक कमी. जगात शंभरहून अधिक देशांत रग्बी खेळली जाते, पण बहुमत दहा देशांच्या खिशात.

टोंगाचं उदाहरण तर जास्तच बोचरं आहे. एक लाखाच्या आसपास लोकवस्तीचा हा देश. २०११ च्या विश्वचषकात त्याने फ्रान्सला हरवलं होतं, आणि तो फ्रान्स त्याच स्पर्धेत फायनलला गेला. २०२० मध्ये टोंगाला मत नव्हतं.

त्या निवडणुकीत अर्जेंटिनाचे ऑगस्टिन पिचोट हे सत्तेचं हे गणित बदलू म्हणत उभे होते. इंग्लंडचे बिल ब्यूमाँट जिंकले, २८ विरुद्ध २३. २०२४ ला ऑस्ट्रेलियाचे ब्रेट रॉबिन्सन जिंकले, तेव्हा फरक आणखी कमी होता, २७ विरुद्ध २५.

मोठ्या देशांची बाजूही ऐकायला हवी. पैसा तिथून येतो, प्रेक्षक तिथे आहेत, खेळाडूंचे पगार तिथले क्लब देतात. जास्त मतांसाठी कारभाराचा दर्जा, विश्वचषकातली हजेरी अशा कसोट्या आहेत, असं वर्ल्ड रग्बी सांगते. यात तथ्य आहे. पण विश्वचषकात जाण्यासाठी पैसा लागतो, मोठ्या संघांशी सामने लागतात, आणि ते कोणाला मिळणार हे ठरतं त्याच टेबलावर. टेबलावर जागा नाही म्हणून सामने नाहीत, आणि सामने नाहीत म्हणून जागा नाही.

मोजायचं तरी काय?

देश मोजायचे, माणसं मोजायची, पैसा मोजायचा की कामगिरी? प्रत्येक फूटपट्टीचा निकाल वेगळा येतो.

विधानसभेत माणसं मोजतात. पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १५,६०० चौरस किलोमीटर, आमदार २१. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आमदार तीन. आरमोरी, गडचिरोली, अहेरी. जंगलाचा आणि नद्यांचा जिल्हा, २०११ ला लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. एक माणूस-एक मत या न्यायाने हे बरोबरच आहे. पण भामरागड, एटापल्ली, सिरोंचा अशा भागांत फिरणाऱ्या एका आमदाराचं काम पुण्यातल्या आमदाराइतकंच आहे, असं कोणी म्हणणार नाही. शिवाय या तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. नुसती डोकी मोजून भागत नाही, हे इथेही मान्य केलेलं आहे.

खेळात अशी भर टाकण्याचे प्रयत्न झाले आहेत. वर्ल्ड रग्बीने २०१७ मध्ये आपल्या परिषदेत १७ महिला सदस्यांची भर घालायचं ठरवलं. बीसीसीआयच्या सर्वोच्च परिषदेत नऊपैकी दोन जागा माजी खेळाडूंच्या, एक पुरुष आणि एक महिला. भारताच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात, २०२५ च्या, राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू हवेत असं आहे.

विदर्भाचा इथे आणखी एक संबंध आहे. २०१४ मध्ये भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तिघांनी आयसीसीचा पैसा आणि अधिकार आपल्याकडे जास्त खेचले होते. 'बिग थ्री' म्हणतात ते हेच. ते मोडीत काढण्याची मोहीम चालवली ती आयसीसीचे अध्यक्ष झालेल्या नागपूरच्या अॅड. शशांक मनोहर यांनी, आणि त्यांच्यासमोर विरोधाला उभं होतं ते बीसीसीआय. २०१७ मध्ये ती रचना बदलली, अफगाणिस्तान आणि आयर्लंड पूर्ण सदस्य झाले. छोट्यांसाठी भांडणारा माणूस विदर्भाचा, आणि त्याच वर्षी विदर्भाचं स्वतःचं मत पाळीवर गेलेलं.

पण विदर्भाला मत परत मिळालं म्हणजे गडचिरोलीला आवाज मिळाला, असं समजायचं कारण नाही. मुंबईत मत गेलं तर नागपूर ओरडतं. नागपुरात भामरागडचं नाव निघालं नाही तर ओरडायला कोण? विदर्भाचं मोठं मैदान जामठ्याला, जुनं सिव्हिल लाइन्सला, दोन्ही नागपुरात. जंगलातल्या गावात राहणाऱ्या मुलीला निवड चाचणीला जायचं तर एसटीचा आदला दिवस, मुक्काम आणि घरच्यांची परवानगी, एवढं आधी जमवावं लागतं.

अंगात दम नाही, असं तर मुळीच नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. 'मिशन शौर्य' नावाच्या उपक्रमात त्यांना निवडलं, शिकवलं, पाठवलं. कोणीतरी त्यांच्यापर्यंत गेलं, हाच काय तो फरक.

आणि निर्णय घेण्याची वेगळी रीत बघायची असेल तर ती गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा कारभार ग्रामसभा बघते. तिथे मतदान करून बहुमताने ठरवत नाहीत. सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते, नाही झाली तर विषय पुढच्या बैठकीला जातो. अर्थात गाव काही शे लोकांचं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि जंगल सगळ्यांचं एकच आहे. शंभर देशांच्या मंडळात असं बसायचं म्हटलं तर पहिल्या विषयालाच वर्ष जाईल. पण मेंढ्याकडून एक धडा असा घेता येतो, की तो कुठेही लावता येईल: ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, तो बैठकीला हजर पाहिजे.