आइस मेकरमध्ये पाणी येत नाही? फ्रीज उघडण्याआधी गच्ची बघा

संभाजीनगरहून लेणी पाहायला निघालेला पर्यटक आधी अजिंठा गावात थांबतो, मग घाट उतरून फर्दापुरात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दोन्हीकडे पहिली मागणी बर्फाची. लादी फोडायची कटकट नको म्हणून एखाद्या हॉटेलवाल्याने किंवा घरमालकाने आइस मेकरचा फ्रीज घेतला, आणि महिनाभरात बर्फाचे खडे बारीक होत होत बंद पडले, की मेकॅनिकला फोन जातो. 'रोग रेड्याला, औषध पखालीला' ही म्हण इथे उलटी लागू पडते. रोग बहुधा पखालीला, म्हणजे पाण्याच्या लाइनला असतो आणि औषध रेड्याला चालू असते.

आधी फ्रीज पाणी मागतो आहे का?

आइस मेकरच्या बाजूला तारेची दांडी असेल तर ती खाली हवी; वर अडकली की यंत्र भांडे भरले असे समजून थांबते. दांडी नसेल तर पॅनेलवर 'आइस ऑफ' लागले आहे का ते पाहा. फ्रीझरचे तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असावे. साचा पुरेसा गार झाल्याशिवाय यंत्र आधीचे खडे पाडत नाही आणि नवे पाणीही मागत नाही. त्यामुळे वीज बराच वेळ गेली असेल किंवा फ्रीज नवा असेल, तर 24 तास वाट पाहून मगच पुढे जा.

दाबाचे गणित

पाण्याच्या लाइनला जोडायचे बहुतेक आइस मेकर किमान 20 पीएसआय, म्हणजे सुमारे 1.4 किलो दाब गृहीत धरून बनवलेले असतात. आपल्याकडे पाणी येते गच्चीवरच्या टाकीतून. उंचीच्या दर 10 मीटरला साधारण 1 किलो दाब मिळतो. म्हणजे 1.4 किलोसाठी टाकी फ्रीजपेक्षा 14 मीटर उंच हवी, जवळजवळ चार मजले. दुमजली लॉजच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराला टाकीपासून सात-आठ मीटर उंची मिळते, म्हणजे दाब 10-11 पीएसआय. वरच्या मजल्यावर तोच फ्रीज ठेवला तर चार-पाच पीएसआयच. टाकी हजार लिटरची असो की पाच हजारांची, दाब ठरतो तो उंचीवर.

पुष्कळ मॉडेलांत पाण्याचा व्हॉल्व्ह एका वेळी सात-आठ सेकंदच उघडतो. तेवढ्यात दाबाअभावी अर्धाच साचा भरला की खडे पातळ आणि पोकळ पडतात. खडे लहान होऊ लागले, की दाब मोजायची वेळ झाली असे समजा. प्लंबरकडचा प्रेशर गेज फ्रीजमागच्या कॉकला लावला की आकडा मिळतो. बादलीत धार कशी पडते त्यावरून नुसता अंदाज येतो. मात्र धारच बारीक असेल तर फ्रीज उघडायचे कारण नाही. आधी मागे दुमडलेला पाइप सरळ करा आणि कॉक पूर्ण उघडा.

भिंतीवरच्या साध्या आरओच्या नळाला फ्रीज जोडूनही उपयोग होत नाही. त्याच्या टाकीतले पाणी नुसत्या उताराने येते, त्याला दाब असा नसतोच.

नळी का गोठते?

फ्रीझरमध्ये उतरणारी भरणनळी बर्फाने बुजली की मेकॅनिक ती मोकळी करून जातो आणि आठवड्याने ती पुन्हा बुजते. याच्याही मुळाशी बऱ्याचदा दाबच असतो. व्हॉल्व्हचा पडदा घट्ट बसायला पाण्याचाच दाब लागतो. तो कमी पडला की व्हॉल्व्ह ठिबकत राहतो आणि थेंबाथेंबाने नळी गोठते. प्लग काढून, कोमट पाण्यात भिजवलेला कपडा लावून नळी सोडवा. चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका. नंतर दाब तपासाच.

क्षार आणि गाळ

इथला खडक बेसॉल्टचा. त्याच्या भेगांतून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालते. पाणी पिण्याजोगे असले तरी व्हॉल्व्हच्या तोंडाच्या बारीक जाळीवर पांढरा थर धरतोच. टँकरच्या पाण्याने टाकीच्या तळाशी गाळ बसतो, तोही तिथेच येऊन अडकतो.

फ्रीजचा फिल्टर सहा महिन्यांनी बदला असे कंपन्या सांगतात. असे पाणी असेल तर आधीच बदलावा लागतो. फिल्टर काढून त्याजागी बायपास प्लग लावा. पाणी सुरू झाले तर दोष फिल्टरचा. जाळीवरचा थर काढायला ती काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवा आणि मऊ ब्रशने घासा. त्याआधी प्लग आणि कॉक दोन्ही बंद हवेत.

मेकॅनिक केव्हा बोलवावा?

दाब ठीक, फिल्टर नवा, नळी मोकळी आणि तरी साचा कोरडा असेल, तर कान द्या. भरण्याच्या वेळी व्हॉल्व्ह गुणगुणतो पण पाणी येत नसेल, तर तो आतून अडकला आहे. आवाजच नसेल तर कॉइल जळाली असेल किंवा आइस मेकरकडून वीज पोहोचत नसेल. व्हॉल्व्हवर 230 व्होल्ट येतात. मीटर लावायचे काम जाणकाराचेच.

उपाय कोणता?

दाब कमी निघाला तर टाकीनंतरच्या लाइनवर प्रेशर स्विच असलेला लहान बूस्टर पंप बसवा. टाकी रिकामी होताच तो आपोआप बंद पडेल असा घ्या. नाहीतर टँकरची वाट पाहता पाहता पंप कोरडा फिरून जळेल. सार्वजनिक नळाच्या लाइनला मोटर जोडू नका, ते नियमाविरुद्ध आहे. पंपाआधी गाळ अडवणारा फिल्टर लावला तर व्हॉल्व्हचे आयुष्य वाढते.

फ्रीज अजून घ्यायचाच असेल तर आत हाताने पाणी भरायची टाकी असलेले मॉडेल पाहा. दुमजली घराला तेच सोयीचे. त्यात पिण्याचे पाणी ओतता येते आणि लाइनच्या दाबाचा प्रश्नच उरत नाही.