सिमियनला जायचं ते चालायला

आधीच सांगून टाकते, इथिओपियाच्या सिमियन राष्ट्रीय उद्यानात सिंह-हत्ती नाहीत. जीपमधून मान वळवून बघायची ही जागाच नव्हे.

गोंदार शहराहून शंभरेक किलोमीटरवर देबार्क हे गाव. तिथे परवाना काढायचा, वाटाड्या आणि बंदूकधारी रक्षक घ्यायचा, सामानाला खेचर ठरवायचं. आमच्या रक्षकाच्या पायात प्लास्टिकच्या सपाता, आणि चढावर तोच सगळ्यांच्या पुढे! मुक्काम सगळे सव्वातीन हजार मीटरच्या आसपास किंवा वर, त्यामुळे धाप लागते. दगड मात्र ओळखीचा: सह्याद्रीसारखाच लाव्हाच्या थरांचा बसाल्ट. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, हा जेमतेम तीन कोटींचा.

गेलाडा माकडं भेटतात ती थेट वाटेवरच, शेकड्यांनी. फतकल मारून दोन्ही हातांनी गवत खुडतात, मूठ भरली की तोंडात कोंबतात आणि न उठता बुडावरच पुढे सरकतात. मुख्यतः गवतावर जगणारं हे आज एकमेव माकड. नर-मादी दोघांच्याही छातीवर लालभडक उघडी कातडी असते. सारखं बसून राहणाऱ्याची मागची खूण कोणाला दिसणार, म्हणून ती पुढे आली असावी, असा एक तर्क आहे. संध्याकाळी आयाळवाल्या नरांसकट अख्खी टोळी झोपायला कड्याच्या कपारींत उतरते. ती उतरण बघून आपल्याच पोटात गोळा येतो.

खरे दुर्मीळ दोघे. मागे वळलेल्या भरदार शिंगांचा वालिया हा रानबोकड जगात फक्त याच डोंगरांत आहे. तो चेनेकच्या मुक्कामाजवळ दिसला. उंदीर-घुशींवर जगणारा इथिओपियन लांडगा काही दिसला नाही. जगात प्रौढ लांडगे पाचशेसुद्धा नाहीत, आणि गावकुत्र्यांकडून येणारा रेबीज त्यांच्या मुळावर उठलाय. 'लांडगा दाखवतोच' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. लांडग्यासाठीच जायचं तर दक्षिणेतले बाले पर्वत गाठावेत.

सिमियन १९७८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १९९६ मध्ये ते 'धोक्यातला वारसा' ठरलं, २०१७ मध्ये त्यातून सुटलं. पण त्याआधी उद्यानातलं गीच गाव उठवून माणसं देबार्कला हलवली होती, हे माहितीपत्रकांत सहसा नसतं.

शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. बुधवार-शुक्रवारी तिथल्या ख्रिस्ती लोकांचा उपवास. मांस, दूध वर्ज्य. इंजेरा ही धिरड्यासारखी पोळी आणि शिरो मिळतं. शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलंच, फक्त तिखट. मात्र सिमियन ज्या अम्हारा प्रांतात आहे, तिथे २०२३ पासून सशस्त्र संघर्ष पेटलाय. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नका.