वर्तणूक : चांगली

नोव्हेंबर 2025 मधल्या त्या रविवारी मध्यरात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात काय घडलं, ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. पुढच्या आठवडाभरात ते इतक्या वेळा दाखवून झालं, की कर्णधार हरमनप्रीतने मागे पळत जाऊन घेतलेला तो शेवटचा झेल सोसायट्यांच्या आवारात पोरीबाळी करून दाखवू लागल्या. मला बोलायचंय ते नंतरच्या आठवड्याबद्दल. सोमवार उजाडल्यापासून जो तो एकच शब्द चघळत होता : कॅरॅक्टर. संघाने कॅरॅक्टर दाखवलं, कर्णधाराचं कॅरॅक्टर उजळून निघालं, आणि आता म्हणे ऑफिसातल्या टीमलीडरनेही त्यातून धडा घ्यावा. बुधवारपर्यंत माझ्याकडे तसले सात फॉरवर्ड आले होते.

आपल्याकडे चारित्र्य म्हटलं की आधी दाखला आठवतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यात मुख्याध्यापक सगळ्यांच्या नावापुढे ‘चांगली’ लिहितात. माझ्याही दाखल्यावर तेच आहे आणि मागच्या बाकावर बसून फळ्यावर खडू फेकणाऱ्या माझ्या मित्राच्याही. जिंकलेल्या संघाला आपण नेमका हाच दाखला देतो. कप हातात आला, वर्तणूक चांगली.

आता जरा नवी मुंबईचीच दुसरी बाजू बघा. उपान्त्य सामन्यात जेमिमा 82 वर होती, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या अलिसा हीलीच्या हातून तिचा सोपा झेल सुटला. तो पकडला गेला असता तर आज आपण कोणाच्या कणखरपणावर लिहिलं असतं? निवड समितीवर लिहिलं असतं, तेही तिखट. अंतिम सामन्यात 87 धावा काढणारी आणि 2 बळी घेणारी शफाली मूळ संघातच नव्हती. प्रतिका रावलचा पाय दुखावला म्हणून तिला बोलावणं गेलं. नशिबाचा हा हिशोब बाजूला सारून नुसत्या गुणांची आरती ओवाळणं मला जमत नाही.

तरीही या सगळ्या गोष्टीत एक माणूस असा आहे, की ज्याच्यापाशी येऊन माझी शंकेखोर लेखणी अडते. या संघाचा प्रशिक्षक, अमोल मुझुमदार. कारण त्याला हा दाखला कोणी दिलाच नव्हता. तीस वर्षं.

फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, शालेय क्रिकेटची हॅरिस शिल्ड. तेंडुलकर आणि कांबळी यांची 664 धावांची भागीदारी सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या शारदाश्रम शाळेने 2 बाद 748 वर डाव सोडला. पुढच्या नंबरचा फलंदाज 13 वर्षांचा मुझुमदार होता, आणि तो पॅड बांधून बसला होता. बसला, तो बसलाच. कोणी बाद होईना. गंमत अशी की या मुलांचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांनी सचिनला एकदा मोठ्या मुलांचा सामना बघायला गेल्याबद्दल झापलं होतं. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला जाऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, असा त्याचा मथितार्थ. सरांच्या दुसऱ्या शिष्याच्या वाट्याला मात्र टाळ्या वाजवण्याचंच काम आलं.

पुढेही तेच. 1994 मध्ये रणजी पदार्पणात हरयाणाविरुद्ध 260. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो जागतिक विक्रम होता आणि जवळपास 25 वर्षं टिकला. पोरगा आता भारताकडून खेळणारच, असं शिवाजी पार्कपासून ओव्हल मैदानापर्यंत सगळे धरून चालले होते. पण मधल्या फळीत आधी सचिन, मग द्रविड, गांगुली, लक्ष्मण. जागा निघालीच नाही. 171 प्रथम श्रेणी सामने, 11,167 धावा, 30 शतकं, आणि भारताची टोपी नाही.

इथे मुंबईच्या ‘खडूस’पणाचा विषय निघणारच. घरात हा शब्द शिवीसारखा वापरतात. मैदानात तो मानाचा आहे. विकेट फेकायची नाही, समोरच्याला एक धाव फुकट द्यायची नाही, आणि शतकानंतर पुन्हा गार्ड घ्यायचा. आचरेकर सरांनी सचिनला कधी ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही, हे सचिननेच निवृत्तीच्या भाषणात सांगितलंय. कौतुकावाचून खेळत राहायची ही सवय. सचिनला ती घरातून आणि सरांकडून मिळाली, कौतुक मात्र बाहेर रस्त्यारस्त्यावर वाट बघत उभं होतं. मुझुमदारला बाहेरही फारसं मिळालं नाही. खडूसपणाची खरी परीक्षा मला तरी इथे दिसते : ज्याच्या नावाने स्टेडियम घुमत नाही, तो माणूस मंगळवारी दुपारी रिकाम्या मैदानात गुड लेंग्थचा चेंडू कसा सोडतो.

आणि मग 2006-07 चा रणजी मोसम. हा मला या विश्वचषकापेक्षाही जास्त आवडतो, त्यामुळे थोडी जागा खातो. मुझुमदार मुंबईचा कर्णधार. पहिले तीन सामने झाले आणि खात्यात शून्य गुण. मुंबईत रणजी हरणं म्हणजे घरात कोणी आजारी पडल्यासारखं असतं. ओळखीचा प्रत्येक जण औषध सुचवून जातो. तिथून संघ उपान्त्य फेरीत पोहोचला. बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलक काय होता? 5 बाद 0. छपाईची चूक नाही, पाच फलंदाज तंबूत आणि धाव एकही नाही. मुंबईने तो सामना जिंकला, नंतर वानखेडेवर बंगालला हरवून करंडकही घेतला.

आता ऑक्टोबर 2025. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, असे सलग तीन पराभव. इंदूरचा तर अवघ्या 4 धावांनी, हातातला सामना घालवून. ‘स्वतः भारताकडून न खेळलेला माणूस यांना काय शिकवणार?’ ही कुजबुज तेव्हा जोरात होती. (आता त्याच तोंडांनी त्याला ‘चक दे’मधला कबीर खान म्हणतात. अहो, सिनेमातला कबीर खान निदान भारताचा कर्णधार तरी होता.) ड्रेसिंग रूममध्ये त्या रात्री मुझुमदारने कडक शब्दांत सुनावलं, आणि मुलींनी ते मनाला लावून न घेता कामाला लावलं, असं हरमनप्रीतने नंतर सांगितलं. तीन पराभवांनंतर किती आवाज चढवायचा आणि कधी गप्प बसायचं, याचं माप ज्याने 5 बाद 0 पाहिलंय त्याच्याकडे असणार, एवढं मी मान्य करतो.

उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने 338 केल्या. महिलांच्या वनडेत एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कोणी केलेला नव्हता. मुझुमदारने फळ्यावर लिहिलं ते साधारण असं : अंतिम सामन्यात जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी, बस्स. यात तत्त्वज्ञान शून्य. दादर युनियनच्या जुन्या बाकावर बसलेला कुठलाही म्हातारा हेच म्हणाला असता. पण 339 च्या डोंगराला ‘एक धाव जास्त’ म्हणणं हे वर्षानुवर्षं रणजीचे कंटाळवाणे दिवस काढलेल्या माणसालाच सुचतं. भारताने 9 चेंडू राखून ते काम केलं.

कर्णधाराबद्दल बोललं नाही तर लेख अपुरा राहील, आणि नुसतं गोड बोललो तर खोटा. जुलै 2023 मध्ये ढाक्यात याच हरमनप्रीतने बाद दिल्यावर बॅटने यष्ट्या उडवल्या, बक्षीस समारंभात पंचांना टोमणे मारले आणि दोन सामन्यांची बंदी ओढवून घेतली. तेव्हा हिच्या वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहायचं होतं? दोन वर्षांनी अंतिम सामन्यात कारकिर्दीत जेमतेम गोलंदाजी केलेल्या शफालीच्या हाती तिने चेंडू दिला, आतून वाटलं म्हणून. ढाक्यात राग आला तोही आतूनच आला असणार. मला वाटतं माणूस तोच आहे. तापटपणा गेलेला नाही, फक्त आता तो कुठे खर्च करायचा हे तिला समजू लागलंय. आणि सामन्यानंतर करंडक घेऊन ती माजी खेळाडू मिताली आणि झूलन यांच्याकडे गेली, ते कोणी फळ्यावर लिहून दिलेलं नसावं.

जेमिमाच्या नाबाद 127 वर सगळ्यांनी लिहिलं. तिने त्या रात्री स्वतःच सांगितलं, की स्पर्धेत चिंतेने तिला ग्रासलं होतं आणि ती जवळपास रोज रडत होती. कोणासमोर, तेही तिने सांगितलं : अरुंधती रेड्डी. अरुंधती वेगवान गोलंदाज. पंधरा जणींत होती, अख्ख्या स्पर्धेत तिला एकही सामना मिळाला नाही. स्वतः बाकावर बसून, संघातून वगळलेल्या आणि परत घेतलेल्या मैत्रिणीचं रडणं रोज ऐकून घ्यायचं, याला नेतृत्व म्हणतात की नाही, मला माहीत नाही. व्यवस्थापनाच्या कुठल्याही फॉरवर्डमध्ये तिचं नाव मला दिसलं नाही.

अरुंधती पॅड बांधून बसलेल्या त्या मुलाच्या जातकुळीतली आहे. त्या मुलाचा संघ आता जगज्जेता आहे, आणि विजयानंतर कर्णधार सगळ्यांदेखत त्याच्या पाया पडली. 11 नोव्हेंबर 2025 ला, मंगळवारी, अमोल मुझुमदार 51 वर्षांचा झाला. भारताकडून खेळलेले कसोटी सामने 0, एकदिवसीय 0.