"बिल्ड करू या, फुकट आहे"

मंडईच्या आजूबाजूच्या पेठांत छपाई, बाइंडिंग, डीटीपी हे जुने धंदे. जुनं पुस्तक पुन्हा काढायचं असलं की टायपिंगचा खर्च वाचवायला स्कॅनवरून मजकूर उचलणारं सॉफ्टवेअर शोधलं जातं आणि गाडी बहुधा टेसरॅक्टपाशी येते. दुकानात कॉलेजला जाणारा भाचा असेल तर तो म्हणतोच, "मामा, सोर्स घेऊन बिल्ड करू या, फुकट आहे." मामांनी मान डोलावण्याआधी काही समजुती तपासून घ्याव्यात.

"ओपन सोर्स म्हणजे आपणच बिल्ड करायचं."
एचपीमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलेलं आणि २००५ साली खुलं झालेलं टेसरॅक्ट उबुंटू २४.०४ मध्ये तयार मिळतं. मराठीची फाईल वेगळी घ्यावी लागते, पण तीही एका कमांडमध्ये येते. तयार पॅकेजात नसलेलं नेमकं काय हवंय, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर बिल्डच्या नादी लागू नये. पॅकेजच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटबरोबर येतात. घरी केलेलं बिल्ड दर वेळी आपणच नव्यानं करायचं. भाचा नोकरीला बंगळूरला गेला की ते कोणाच्या गळ्यात?

"एरर आली नाही, म्हणजे झालं."
चित्रं वाचायला टेसरॅक्ट लेप्टोनिका या लायब्ररीवर अवलंबून असतं. ती बिल्ड करताना पीएनजीच्या डेव्हलपमेंट फाइली मशीनवर नसल्या तरी बिल्डआधी तपासणी करणारं कॉन्फिगर अडून बसत नाही. पीएनजी वगळून पुढे जातं. प्रत्यक्ष बिल्ड करणारं मेकही सुखरूप संपतं. आपण पीएनजी स्कॅन पुढे केला की मग नकार! कॉन्फिगरच्या भराभर सरकणाऱ्या ओळींत कशापुढे "नो" आलंय, ते वाचायचं असतं. नंतर टेसरॅक्टला व्हर्जन विचारलं तरी जोडलेल्या लायब्रऱ्यांची यादी दिसते.

"कोड सगळ्यांसमोर आहे, म्हणजे सुरक्षित आहे."
ही समजूत सगळ्यांत चिवट. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्यानं जिया टॅन या नावानं आधी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून प्रकल्पात अधिकार मिळवले होते. गंमत पाहा: चोरदरवाजा जागा करणारी बिल्डची ओळ गिटच्या भांडारात नव्हतीच, ती फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या टारबॉलमध्ये होती. बाकीचा माल चाचणीच्या बिघडलेल्या नमुना-फाइली म्हणून बसवलेला. म्हणजे भांडारातला कोड ओळन्‌ओळ वाचणाऱ्यालाही तो सापडला नसता. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खटकलं म्हणून तो उघडकीस आला.

"अजून चालवलं कुठंय, नुसतं बिल्ड करतोय" असंही म्हणतात. पण कॉन्फिगर आणि मेक हेच मुळात परक्या माणसाचे प्रोग्रॅम, आणि ते आपल्या परवानगीनं चालतात. अनोळखी सोर्स वेगळ्या युजरखाली किंवा कंटेनरमध्ये बिल्ड करावा. 'सुडो मेक इन्स्टॉल' ही सवय तर मोडावीच. प्रिफिक्स देऊन होम फोल्डरमध्ये बसवता येतं आणि नको झाल्यास तो फोल्डर उडवता येतो.

"तारे जास्त, म्हणजे प्रकल्प चांगला, दोन वर्षं बदल नाही, म्हणजे मेलेला."
गिटहबवरचे तारे विकत मिळतात. उलट डोनाल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ नंतर थेट २०२१ मध्ये दुरुस्त्या झाल्या, आणि आजही गणिताची पुस्तकं त्यावर बसतात. तारखेपेक्षा बंद झालेल्या तक्रारी वाचाव्यात: कोणी उत्तर दिलं, कारण सांगितलं का, दुरुस्तीसोबत चाचणी जोडली का. पंधरा मिनिटांत प्रकल्पाचा स्वभाव कळतो.

"लायसन्सचा उल्लेखच नाही, म्हणजे कसंही वापरा."
नेमकं उलटं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो, त्यामुळे परवानगी लिहिलेली नसेल तर हक्क लेखकाकडेच राहतात. टेसरॅक्टला अपाची २.० लायसन्स आहे, तिथं प्रश्न नाही. पण लायसन्सची फाईलच नसलेला प्रकल्प धंद्यात वापरायचा असेल तर बिल्डच्या आधी लेखकाला ईमेल टाकून विचारावं. उत्तर आलं नाही तर दुसरं काही शोधावं.