बेरीज चुकली!

आमच्या डोंगरावरच्या शेतघरी विजेची तार पोचलेली नाही. आषाढात सूर्य रुसला, म्हणून जनरेटर लावला. दोन्ही इन्व्हर्टर मिनिटभर चार्जिंग घेत, जनरेटर धापा टाकी, ते त्याला सोडत. तो सावरला की पुन्हा तेच! फ्रिजमध्ये पत्नीच्या इन्सुलिनचा साठा होता.

दोष यंत्रांत नव्हता. ४८ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येक इन्व्हर्टर ६० अँपिअर भरू पाहत होता. एकाचे सुमारे ३ किलोवॉट, दोघांचे ६. जनरेटर मात्र ५ किलोवॉटचा. ओझ्याने व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी घसरली, की इन्व्हर्टर ती वीज नाकारत. दोघांची मर्यादा ३० अँपिअरवर आणली आणि जनरेटर शांतपणे चालू लागला.

बँकेत एकाच तारणावर दुसरे कर्ज देताना मी आधी बेरीज करीत असे. घरी विसरलो!